मिलचे आत्मचरित्र वाचताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही तत्त्वज्ञानाच्या एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहात. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल अभ्यासाला आहे आणि त्याचे आत्मचरित्र 'अवांतर वाचन' म्हणून सांगितले आहे. तुमच्या दोन शंका आहेत. पहिली: युक्तिवाद बरोबर असेल तर तो कोणी, कोणत्या मनःस्थितीत केला याने काय फरक पडतो? चुकीचा असेल तर करणाऱ्याच्या दुःखामुळे तो बरोबर होत नाही. मग तत्त्वज्ञाचे आयुष्य वाचायचे कशाला? दुसरी: माणूस स्वतःबद्दल जे लिहितो त्यावर किती विश्वास ठेवायचा?

मी एकतीस वर्षे तत्त्वज्ञान शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे मिल शिकवला. पहिली दहा-बारा वर्षे मीही वर्गात तुमच्यासारखेच बोलत असे. फळ्यावर सुखाची व्याख्या लिहायची, तिच्यावरचे आक्षेप क्रमाने मांडायचे, मिलची उत्तरे तपासायची आणि तास संपवायचा. त्याच्या आयुष्याबद्दल दोन वाक्ये, तीही प्रस्तावनेपुरती. आज मी तसे शिकवणार नाही. युक्तिवादाचा खरेखोटेपणा आयुष्यावर ठरतो असे मला वाटू लागले आहे म्हणून नव्हे; ते मला आजही पटत नाही. पण मिलच्या काही युक्तिवादांत नेमका कोणता प्रश्न सोडवायचा होता, हे त्याचे आत्मचरित्र वाचेपर्यंत मला कळलेच नव्हते. प्रश्न न कळता मी उत्तराला गुण देत होतो.

हे नीट मांडण्यासाठी आधी दुसऱ्या एका तत्त्वज्ञाकडे जातो. ऑक्सफर्डचा आर. जी. कॉलिंगवुड हा तत्त्वज्ञ होता आणि रोमन काळातल्या ब्रिटनचा पुरातत्त्वज्ञही. १९३८ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, आणि १९३९ मध्ये त्याचे छोटेसे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. विचार करणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याचे आत्मचरित्र म्हणजे त्याच्या विचारांची गोष्ट असली पाहिजे, असे तो सुरुवातीलाच सांगतो. त्यात एक प्रसंग आहे. पहिल्या महायुद्धात तो लंडनला नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात कामाला होता. रोज जाता-येता वाटेत अल्बर्ट स्मारक लागे. ते त्याला कमालीचे कुरूप वाटे, इतके की नजर वर करवत नसे. पण मग तो स्वतःलाच विचारू लागला: स्कॉट नावाच्या या वास्तुकाराने हे असे का बांधले? त्याला साधायचे काय होते? मी त्याच्या कामात असे काही शोधतो आहे का, जे त्याला द्यायचेच नव्हते? या रोजच्या चालण्यातून कॉलिंगवुडचा पुढचा सगळा 'प्रश्नोत्तरांचा तर्क' उभा राहिला. कोणतेही विधान हे कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर असते आणि तो प्रश्न माहीत नसेल तर विधान खरे की खोटे हे सांगता येत नाही, असे त्याचे म्हणणे. त्याची पुढची टोकाची विधाने मला मान्य नाहीत. पण हे एक हत्यार मी त्याच्याकडून घेतले आणि ते मिलवर फार चांगले चालते.

अठराव्या शतकातला स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याचे आत्मकथन तुम्ही शोधलेत तर चारदोन पानांतच संपेल. १८ एप्रिल १७७६ ही त्यावरची तारीख. त्याच वर्षी २५ ऑगस्टला तो गेला. आजार बरा होणारा नाही हे ओळखून त्याने ते लिहिले आणि शेवटी शेवटी तो स्वतःबद्दल भूतकाळात बोलू लागतो. स्वतःविषयी फार वेळ बोलताना अहंकार टाळणे कठीण, म्हणून मी थोडक्यात सांगतो, अशी त्याची सुरुवात आहे. आपल्याला ही भीड ओळखीची आहे. तुकोबांनीही आपली हकीकत सांगताना आधी हेच म्हटले आहे की खरे तर बोलू नये, पण संतांनी विचारले म्हणून वचन पाळतो. ह्यूमच्या त्या पानांत तत्त्वज्ञान जवळपास नाही. पुस्तके कशी खपली, कोणी टीका केली, पैसा किती साठला, इतकेच आहे. त्यात फार खोल काही शोधू नका. मिलचे पुस्तक वेगळ्या जातीचे आहे.

मिलने आत्मचरित्राचा मोठा भाग १८५३-५४ च्या सुमारास लिहिला, १८६१ च्या आसपास सुधारला आणि शेवटचा भाग १८६९-७० मध्ये जोडला. मे १८७३ मध्ये तो फ्रान्समध्ये आव्हिन्यों इथे वारला आणि त्याच वर्षी पुस्तक निघाले. आपले आयुष्य घटनांनी भरलेले नाही, हे तो पहिल्याच परिच्छेदात मान्य करतो आणि लिहिण्याची तीन कारणे देतो. आपले शिक्षण विलक्षण पद्धतीने झाले, त्याची नोंद राहावी. मतांच्या संक्रमणाच्या काळात एक मन कसे शिकत आणि शिकलेले टाकत पुढे गेले, ते दिसावे. आणि ज्यांचे ऋण आहे त्यांचे नाव घेतले जावे. ही तीन कारणे वहीत लिहून ठेवा. तुमच्या दुसऱ्या शंकेकडे वळताना ती लागतील.

आता ते शिक्षण. वडील जेम्स मिल हे बेंथमचे, म्हणजे सुखदुःखाच्या हिशेबावर बरेवाईट ठरवणाऱ्या उपयुक्ततावादाच्या प्रवर्तकाचे, जवळचे सहकारी. माणसाचे मन म्हणजे कल्पनांच्या साहचर्याचा खेळ, योग्य गोष्टींशी सुखाचे आणि अयोग्य गोष्टींशी दुःखाचे नाते लहानपणी पक्के बांधले की हवे तसे चारित्र्य घडवता येते, हा त्यांचा सिद्धांत होता. तो त्यांनी थोरल्या मुलावर लागू केला. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, बाराव्या वर्षी तर्कशास्त्र, तेराव्या वर्षी अर्थशास्त्र. शाळा नाही, समवयस्क मुले जवळपास नाहीत, धर्म तर नाहीच. वडील त्याच काळात हिंदुस्थानचा इतिहास लिहीत होते (तो १८१७ मध्ये निघाला, लेखकाने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता). एकाच मेजावर एका बाजूला तो इतिहास चालला आहे आणि दुसऱ्या बाजूला मुलगा ग्रीक वाचतो आहे. ग्रीक-इंग्रजी कोश तेव्हा नव्हता, होता तो ग्रीक-लॅटिन, आणि मुलाला लॅटिन अजून यायचे होते. म्हणून प्रत्येक अडलेला शब्द वडिलांना विचारायचा. माझे वडील अत्यंत उतावळे, तरी हा व्यत्यय त्यांनी सोसला, असे मिल लिहितो. त्या मेजाचे चित्र माझ्या मनातून जात नाही. अर्थशास्त्राची तऱ्हा अशी: फिरायला जाताना वडील तोंडी समजावून सांगत, मुलगा दुसऱ्या दिवशी ते लिहून आणी, आणि स्पष्ट होईपर्यंत पुन्हा पुन्हा लिही. पुढे वडिलांनी अर्थशास्त्राचे पुस्तक लिहिले तेव्हा मुलाची हीच टिपणे हाताशी होती.

याच भागात हाइड पार्कमधला एक प्रसंग आहे. चौदाव्या वर्षी मिल फ्रान्सला जायला निघाला, तेव्हा वडिलांनी त्याला सांगितले की आता तू लोकांत मिसळशील आणि तुझ्या वयाच्या मुलांपेक्षा तुला पुष्कळ जास्त येते हे तुझ्या लक्षात येईल. लोकही तसे बोलून दाखवतील. पण त्यात तुझे काही कर्तृत्व नाही. शिकवू शकणारा आणि त्यासाठी वेळ आणि कष्ट देणारा बाप तुला मिळाला, एवढेच. हे बोलणे बागेत नेमके कुठे झाले ती जागा मला अजून आठवते, असे मिल लिहितो. वाचताना बहुतेकांना यात विनयाचा धडा दिसतो. मिललाही तो तसाच दिसला आणि आपण खरोखर गर्विष्ठ झालो नाही, असे तो सांगतो. पण पुढचे प्रकरण वाचून या प्रसंगाकडे परत या. चौदा वर्षांच्या मुलाला इथे सांगितले गेले आहे की तुझ्यात जे जे चांगले आहे ते तुझे नाही, ते तुझ्यावर केलेल्या कामाचे फळ आहे.

१८२१-२२ च्या हिवाळ्यात त्याने बेंथमचे विचार फ्रेंच ग्रंथात वाचले. त्या दिवसापासून आपल्याला एक मत, एक सिद्धांत, एका चांगल्या अर्थाने एक धर्मच मिळाला, असे तो म्हणतो. जगाचा सुधारक व्हायचे हे ठरले. १८२३ मध्ये, सतराव्या वर्षी, तो वडिलांच्याच हाताखाली ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत लागला. संध्याकाळी वादसभा, लेख, बेंथमच्या पाच खंडांच्या एका प्रचंड ग्रंथाचे संपादन. आणि १८२६ चा शरद ऋतू आला.

पाचव्या प्रकरणाचे हे पान मी वर्गात नेहमी मोठ्याने वाचून दाखवत असे. वीस वर्षांचा मिल उदास अवस्थेत स्वतःला विचारतो: समज, तुझी आयुष्यातली सगळी उद्दिष्टे पुरी झाली, संस्थांमध्ये, लोकांच्या मतांमध्ये तुला हवे ते सगळे बदल या क्षणी घडून आले, तर तुला मोठा आनंद होईल का? आणि आतून स्पष्ट उत्तर येते: नाही. मग ज्याच्यावर आयुष्य उभारले होते तो पायाच ढासळला. महिनोन्‌महिने तो यंत्रासारखा काम करत राहिला. बोलावे असे कोणी नव्हते. वडिलांकडे जाणे तर अशक्य. त्यांना हे कळणार नाही आणि कळले तरी त्यांची योजना फसली हे सांगून त्यांना दुःख देण्यात अर्थ नाही, असे त्याला वाटले.

ही हकीकत नैराश्याची म्हणून वाचता येते, आणि वर्गातल्या काही मुलांनी ती तशी वाचली, त्यांना तिचा आधार वाटला, याचे मला मोल आहे. एकदा तास संपल्यावर एक मुलगी थांबली आणि म्हणाली, "सर, त्याने हे लिहून ठेवले हे बरे केले." इतकेच बोलून ती गेली. तिच्या त्या वाक्यावर मी पुढे बरीच वर्षे विचार केला. पण तुम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी म्हणून विचारले आहे, तेव्हा तुम्हाला दाखवायचे ते आणखी पुढे आहे. मिल स्वतःच्या अवस्थेचे निदान करतो आणि ते निदान वडिलांच्या सिद्धांताच्याच भाषेत करतो. स्तुती आणि निंदा, बक्षीस आणि शिक्षा यांनी बांधलेली सुखाची नाती कृत्रिम असतात. त्याच वेळी विश्लेषणाची सवय लावली तर ती सवय अशी नाती कुरतडून टाकते, कारण विश्लेषणाचे कामच मुळी चिकटलेल्या गोष्टी सुट्या करण्याचे. माझ्या शिक्षणाने दोन्ही केले: नाती बांधली आणि ती तोडणारे हत्यारही हातात दिले. जहाज सज्ज आहे, सुकाणूही आहे, पण शीड नाही, अशी उपमा तो देतो. इथे एक सिद्धांत त्याच्याच उत्पादनाकडून आतून तपासला जात आहे. प्रयोगशाळेतल्या वस्तूने प्रयोगाचा अहवाल लिहावा, तसे. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात असे पुरावे फार थोडे मिळतात.

अंधार फुटला तो एका फ्रेंच लेखकाच्या, मार्मोंतेलच्या, आठवणी वाचताना. वडील वारलेले, घर दुःखात, आणि लहानशा मुलाला एकाएकी वाटते की यांनी जे गमावले ते सगळे मी भरून काढीन. हे वाचताना मिलच्या डोळ्यांत पाणी आले आणि आपल्यात भावना मेलेली नाही, आपण दगड नाही, हे त्याला कळले. बापाच्या मृत्यूचेच पान का, यावर मनोविश्लेषण करणाऱ्यांनी बरेच लिहिले आहे. असेल तसे. मला त्या पानात दुसरी एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. तो मुलगा कोणाच्या तरी उपयोगी पडायचे स्वतः ठरवतो. त्याला ते कोणी शिकवलेले नसते. १८२८ मध्ये वर्ड्‌स्वर्थच्या कविता आल्या आणि त्यांनी पुढचे काम केले.

आता मी ज्यासाठी हे सगळे सांगतो आहे तिथे येऊ. त्याच प्रकरणात थोडे पुढे मिल सांगतो की त्या काळात नैराश्य पुन्हा पुन्हा येई, तेव्हा नियतिवादाचा सिद्धांत त्याच्या छातीवर भुतासारखा बसे. माझे चारित्र्य आधीच्या परिस्थितीने घडवले आहे, ते माझ्या हाताबाहेर आहे, मी त्याचा गुलाम आहे, हे जणू शास्त्राने सिद्ध झाले आहे, असे त्याला वाटे. यातून बाहेर काढणारा जो विचार सापडला, तोच पुढे आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथातल्या शेवटच्या भागात 'स्वातंत्र्य आणि नियती' या प्रकरणात मांडला, असे तो सरळ सांगतो. 'सिस्टिम ऑफ लॉजिक' १८४३ मध्ये निघाला. त्याच्या सहाव्या भागातले दुसरे प्रकरण काढा.

मी ते प्रकरण कित्येक वर्षे इच्छास्वातंत्र्याच्या वादातली एक जुनी खेळी म्हणून शिकवले होते. युक्तिवाद असा: समाजसुधारक रॉबर्ट ओवेनचे अनुयायी म्हणतात, माणसाचे चारित्र्य त्याच्यासाठी घडवले जाते, तो ते घडवत नाही. मिल म्हणतो, परिस्थितीने घडते हे खरे; पण ते विशिष्ट तऱ्हेने घडावे ही माणसाची स्वतःची इच्छा हीसुद्धा त्या परिस्थितीतलीच एक गोष्ट आहे, आणि तिचा प्रभाव काही कमी नसतो. यावर आम्ही वर्गात ठरलेला आक्षेप घेत असू: मग ती इच्छा कुठून आली? तीही परिस्थितीतूनच ना? मिललाही हे ठाऊक आहे आणि तो ते नाकारत नाही. म्हणून आम्ही निकाल देत असू की उत्तर अपुरे आहे.

आत्मचरित्र दुसऱ्यांदा वाचले तेव्हा मी चाळिशीत होतो. त्यानंतर हे प्रकरण पुन्हा उघडले आणि एका वाक्यापाशी थांबलो. त्याचा आशय असा की नियतिवादाचा खचवणारा परिणाम फक्त त्यालाच जाणवतो, ज्याला तो सिद्धांत अशक्य ठरवतो ते करण्याची इच्छा असते. ज्याला स्वतःला बदलायचेच नाही त्याला, आपण बदलू शकत नाही, याचे दुःख कसे होईल? हे वाक्य मी पूर्वी कितीदा तरी वाचले होते. आता दिसले की त्यात १८२६ नंतरची ती वर्षे आहेत. मिलचा प्रश्न 'कार्यकारणाच्या साखळीत स्वातंत्र्याला जागा आहे का' हा ग्रंथातला प्रश्न नव्हताच. त्याचा प्रश्न असा होता: मला दुसऱ्याने घडवले हे मला पुराव्यानिशी माहीत आहे, मग माझे असे काही मी म्हणू शकतो का? आणि त्याला सापडलेले उत्तर असे की तुझे हे खचणेच तुझ्या इच्छेचा पुरावा आहे. त्या इच्छेचे मूळ कुठे आहे हे शोधत तो बसत नाही, कारण त्याच्या प्रश्नाला त्याची गरज नाही. आक्षेप अजूनही उभा आहे, पण तो दुसऱ्या प्रश्नावरचा आहे. स्कॉटच्या स्मारकात आपण काय शोधत होतो, तीच गोष्ट इथे.

एकदा हे दिसले की बाकीचे ग्रंथ आपोआप उघडत जातात. जॉन स्टर्लिंग हा मिलचा मित्र. त्याने पुढे मिलला सांगितले की आम्ही लोक तुला 'तयार केलेला' माणूस समजत होतो, कारखान्यातून काढलेला, ठसा उमटवलेला, तेवढेच पुन्हा बोलणारा. मिलने हे आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहे. आता १८५९ च्या 'ऑन लिबर्टी'चे व्यक्तित्वावरचे तिसरे प्रकरण वाचा. तिथे तो म्हणतो की मानवी स्वभाव म्हणजे नमुन्याबरहुकूम बांधायचे, ठरवून दिलेले काम करणारे यंत्र नव्हे. ते झाड आहे, आतल्या शक्तींच्या कलाने चहूबाजूंनी वाढू पाहणारे. हे वाक्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत अलंकार म्हणून हजारदा येते. लिहिणाऱ्याला यंत्र म्हणवून घेणे म्हणजे काय हे माहीत होते, हे कळल्यावर ते अलंकार राहत नाही. तसेच सुखाचे. स्वतःला विचारा, मी सुखी आहे का, की तुम्ही सुखी राहत नाही. म्हणून सुख हे ध्येय असले तरी नजर दुसऱ्या कशावर तरी हवी, हा धडा तो त्याच संकटातून घेतो. 'युटिलिटेरियनिझम' (उपयुक्ततावाद) या पुस्तकात उच्च आणि नीच सुखांचा जो भेद तो करतो, त्यावरचे आक्षेप तुमच्या पाठ्यपुस्तकात आहेत आणि त्यातले काही मला बिनतोड वाटतात. पण बेंथमच्या हिशेबाला काव्य आणि भावना का दिसत नाहीत, ही त्याची टोचणी कुठून आली हे जाणून मग आक्षेप घ्या.

तुमची दुसरी शंका विश्वासाची. इथे मी तुमच्यापेक्षाही जास्त कडक आहे. मिल खोटे बोलतो असे मला वाटत नाही, पण काय गाळले आहे ते पाहा. पुस्तकाच्या सुरुवातीला तो सांगतो की मी २० मे १८०६ रोजी लंडनमध्ये जन्मलो, हिंदुस्थानच्या इतिहासाचे लेखक जेम्स मिल यांचा थोरला मुलगा. आई? नऊ मुलांची आई, जिच्या घरात हे सगळे घडले, ती छापलेल्या पुस्तकात नाही म्हटले तरी चालेल. विसाव्या शतकात जुना कच्चा खर्डा छापला गेला, तेव्हा दिसले की तिथे ती होती. खरोखर मायाळू आई असती तर वडील वेगळेच माणूस झाले असते आणि मुले प्रेम करत, प्रेम मिळवत वाढली असती, अशा अर्थाचे कडवट वाक्य तिथे होते. ते नंतर काढले गेले. काढणे सभ्यपणाचे होते की आणखी एक अन्याय, हे मला अजून ठरवता आलेले नाही. बापाच्या हातात सगळे शिक्षण, सगळी सत्ता, आणि मायेच्या अभावाचा ठपका मात्र त्या बाईवर. 'द सब्जेक्शन ऑफ विमेन' लिहिणाऱ्या, १८६७ मध्ये पार्लमेंटात स्त्रियांच्या मताधिकाराची दुरुस्ती मांडून ७३ मते मिळवणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे पान मनाला लागते.

आईबद्दल मौन, तर हॅरिएट टेलरबद्दल ओसंडून वाहणारी भाषा. १८३० ची ओळख, तिच्या पहिल्या पतीच्या मृत्यूनंतर १८५१ मध्ये लग्न, १८५८ मध्ये आव्हिन्योंला तिचा मृत्यू. त्यानंतर त्याने तिच्या कबरीजवळ घर घेतले आणि दरवर्षी बराच काळ तो तिथे राहिला. आपल्या उत्तम विचारांचे श्रेय तो तिला देतो. कित्येक अभ्यासकांनी हे प्रेमाचे आंधळेपण म्हणून बाजूला सारले. मला ती घाई वाटते. स्त्रियांच्या मताधिकारावरचा १८५१ चा हॅरिएटचा निबंध आधी वाचा. काही मुद्द्यांवर ती मिलच्या पुढे आहे. आणि ऋणाची नोंद करणे हे पुस्तकाच्या तीन कारणांपैकी एक होते, हे आठवा. तो खर्डा स्वतः हॅरिएटनेही वाचला होता, त्यात बदल सुचवले होते. म्हणजे या साक्षीदाराची जबानी घेताना दुसरा साक्षीदार खोलीत बसलेला होता. जबानी त्यामुळे फेकून द्यायची नसते, पण नोंद ठेवायची असते.

तिसरे मौन तुमच्या-माझ्यासाठी सर्वांत मोठे आहे. १८२३ ते १८५८, पस्तीस वर्षे मिलने हिंदुस्थानच्या कारभाराचे खलिते लिहिण्यात घालवली. त्यातला बराच काळ तो संस्थानांशी असलेल्या संबंधांचे काम पाहत होता. १८५८ मध्ये कंपनीचा कारभार जाऊ लागला तेव्हा तिच्या बचावाचा अर्जही त्यानेच लिहिला. आत्मचरित्रात या सगळ्याला काही पाने मिळतात, आणि तीही बहुतेक, नोकरीने मला काय दिले, याबद्दलची: चरितार्थ, लिहायला वेळ, व्यवहारात माणसांना बरोबर घेऊन कसे चालावे याचा धडा. ज्यांच्याविषयी खलिते लिहिले त्या माणसांनी त्याच्या मनात एकही प्रश्न उभा केल्याचे दिसत नाही. मग 'ऑन लिबर्टी'च्या सुरुवातीचा तो परिच्छेद आठवा: हे स्वातंत्र्याचे तत्त्व मुलांना लागू नाही आणि ज्या समाजांचे अजून बालपण सरलेले नाही त्यांनाही नाही; त्यांना एखादा अकबर किंवा शार्लमेन मिळाला तर त्याची आज्ञा पाळावी. ज्याला स्वतःला बालपणी घडवले जाण्याचा इतका जाच झाला, त्याने अख्ख्या समाजांना बालक ठरवावे आणि कंपनीला बाप, याचा मला राग येतो. तो राग मी वर्गात कधी लपवला नाही. जेम्स मिलचा मेज इथे पुन्हा दिसतो: एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला हिंदुस्थान. मेजाची एक बाजू मिलने आयुष्यभर तपासली. दुसरी तपासली नाही.

ती बाजू तपासणारे वाचक इकडे तयार झाले. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा, घरच्या अठराविसे दारिद्र्यातून डेक्कन कॉलेजात शिकायला आलेला गोपाळ गणेश आगरकर मिल आणि दुसरा इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर वाचून घडला. मिलच्या मते ज्या समाजाला ते तत्त्व अजून लागू नव्हते, त्याच समाजात आगरकरांनी ते लागू केले: बालविवाहावर, केशवपनावर, रूढीच्या सक्तीवर. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात, टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात काढलेल्या १०१ दिवसांवर त्यांनी जे पुस्तक लिहिले, तेही विचार करणाऱ्या माणसाने स्वतःच्या आयुष्याच्या एका तुकड्याकडे पाहणेच आहे. मिलशेजारी ते ठेवून वाचा. आगरकर अवघ्या ३९ व्या वर्षी, १८९५ मध्ये गेले. त्यांना पूर्ण आत्मचरित्राइतका वेळ मिळाला नाही, ही मला मराठी विचारविश्वाची मोठी हानी वाटते.

आता वाचायचे कसे ते सांगतो. आत्मचरित्र सुरुवातीला वाचू नका. आधी तर्कशास्त्राच्या सहाव्या भागातले ते दुसरे प्रकरण वाचा. लहान आहे, दोन संध्याकाळी पुरतात. तुमचे आक्षेप वहीच्या डाव्या पानावर लिहा आणि उजवे पान कोरे ठेवा. मग 'ऑन लिबर्टी'चे तिसरे प्रकरण. त्यानंतर आत्मचरित्र सलग, पाचव्या प्रकरणापर्यंत. हाइड पार्क आले की थांबा आणि तारीख टाका. पाचवे प्रकरण संपले की तर्कशास्त्राकडे परत जा आणि प्रत्येक आक्षेपासमोर उजव्या पानावर एवढेच लिहा: मी इथे कोणता प्रश्न गृहीत धरला होता, आणि मिलचा कोणता होता. काही आक्षेप तसेच राहतील. ते तुमचे खरे आक्षेप. निबंध त्यांच्यावर लिहा. सहावे आणि सातवे प्रकरण त्यानंतर वाचा आणि तेव्हा आईचा, हॅरिएटचा आणि हिंदुस्थानचा उल्लेख किती ओळींत आला आहे ते पेन्सिलने मोजा. माझ्या जुन्या प्रतीत या खुणा अजून आहेत, तीन वेगवेगळ्या शाईंत, तीन वेगवेगळ्या वयांतल्या.